पाकिटावरच्या तीन ओळी

पांढरकवड्याच्या बाजारात औषधाच्या दुकानासमोर थोडा वेळ उभं राहिलं, तर एक मागणी पुन्हा पुन्हा कानावर येते : "भाऊ, पॉवरची गोळी देजा, पण गरम पडणारी नको." गोळी गरम पडते म्हणजे तोंड येतं, पोटात आग होते, जुलाब लागतात. जंतू मारणारी गोळी हवी, पण पोट बिघडायला नको, अशी ही रास्त इच्छा आहे. ती पुरी करण्यासाठी कंपन्यांनी अँटिबायोटिकच्या गोळीतच प्रोबायोटिक घालून विकायला सुरुवात केली. आता चिठ्ठीवरही तीच गोळी येते आणि चिठ्ठीशिवायही तीच मागितली जाते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात हा प्रश्न साधा नाही. तालुक्याचं ठाणं पांढरकवडा. मधून नागपूर-हैदराबादचा ४४ नंबरचा महामार्ग जातो, पाटणबोरी ओलांडली की तेलंगण लागतं. आत कोलामांचे पोड, गोंडांची गावं, कपाशी आणि तुरीची शेतं. पावसाळ्यात तापाच्या आणि हगवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून दवाखान्यात येणं म्हणजे दिवस गेला. अशा ठिकाणी ही जोडगोळी वरदान आहे की फसगत?

दोन्ही बाजूंना जीव आहे, म्हणून त्या दोन तोंडी दिल्या आहेत. एक काका, तालुक्याच्या गावी आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलेले फार्मासिस्ट. दुसरी त्यांची पुतणी, सरकारी दवाखान्यात डॉक्टर. दोघं कल्पित आहेत. त्यांच्या बोलण्यातली औषधं, अभ्यास आणि कायदे खरे आहेत.

काका : हे पाकीट बघ बाई. मागं तीन ओळी आहेत. अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड १२५ मिलिग्रॅम. लॅक्टिक ॲसिड बॅसिलस ६० दशलक्ष बीजाणू. पहिल्या दोन ओळी जंतूंसाठी, तिसरी पोटासाठी. यात वावगं काय आहे ते सांग.

पुतणी : पाकिटालाच विचारू या, काका. प्रत्येक ओळीनं सांगायचं की ती इथं कशासाठी आली. अमॉक्सिसिलिन जंतूची भिंत बनू देत नाही, म्हणून जंतू मरतो. पण पुष्कळ जंतू बीटा-लॅक्टमेज नावाचं एक विकर तयार करतात आणि त्यानं अमॉक्सिसिलिन तोडून टाकतात. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड त्या विकराला निकामी करतं. स्वतः ते जंतूला फारसं मारत नाही. दुसरी ओळ नसेल तर अशा जंतूंपुढं पहिली वाया जाते. म्हणजे ही जोडी विचारानं लावलेली आहे.

काका : मग दोन ओळी पास झाल्या.

पुतणी : झाल्या, पण त्यांचा उपयोग कुठं आहे हे पाहून. साध्या सर्दी-खोकल्यात तिन्ही ओळी बिनकामाच्या, कारण तिथं जंतू नाही, विषाणू आहे. शिवाय जुलाब लावते ती मुख्यतः दुसरी ओळ. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट घेणाऱ्या सुमारे दहा माणसांत एकाला जुलाब होतात, नुसत्या अमॉक्सिसिलिननं त्यापेक्षा कमी. म्हणजे जिथं नुसतं अमॉक्सिसिलिन पुरतं तिथं ही ५०० अधिक १२५, म्हणजे ६२५ ची गोळी दिली, तर आपणच जुलाब लावतो आणि आपणच त्यावर तिसरी ओळ विकतो.

काका : ६२५ वरून आठवलं. दुकानात ६२५ संपली की ३७५ च्या दोन द्या, म्हणजे झालं, असं समजणारे पुष्कळ आहेत. गिऱ्हाईकही तेच म्हणतं. मी नव्या पोरांना पहिल्या आठवड्यातच शिकवतो : ३७५ मध्ये अमॉक्सिसिलिन २५० आणि क्लॅव्ह्युलॅनिक १२५. दोन घेतल्या की अमॉक्सिसिलिन ५०० होतं, पण क्लॅव्ह्युलॅनिक २५० होतं, दुप्पट. मग पोट बिघडणारच. बेरीज वरच्या आकड्याची करायची नसते, ओळीओळीची करायची असते.

पुतणी : हेच तर माझं म्हणणं. जोडगोळीत एक घटक वाढवला की दुसराही वाढतो, एक कमी केला की दुसराही कमी होतो. किडनीच्या रोग्याला, लेकराला, कमी वजनाच्या बाईला डोस बदलायचा असेल, तर हात बांधलेले असतात. म्हणून जोडी लावायची तर तिला सबळ कारण हवं.

काका : मान्य. पण आता तिसऱ्या ओळीकडं ये. तुम्ही डॉक्टर तिला नावं ठेवता. मी मात्र दुकानात रोज पाहतो. माणूस पाच दिवसांच्या गोळ्या नेतो, दुसऱ्या दिवशी पोट बिघडतं, तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद. मग आठवड्यानं कान पुन्हा वाहतो नाहीतर जखम पुन्हा चिघळते. तिसऱ्या ओळीमुळं तो कोर्स पुरा करत असेल, तर मी ती विकण्यात काय चूक आहे? आणि प्रोबायोटिक थोतांड नाही, त्याला शास्त्र आहे, हे तूच मागं सांगितलंस.

पुतणी : आहे आणि चांगलं आहे. २०१९ मध्ये कोक्रेन या संस्थेचा आढावा आला. ३३ अभ्यास, ६,३५२ मुलं. अँटिबायोटिक घेताना ज्यांना प्रोबायोटिक मिळालं त्यांच्यात ८ टक्के मुलांना जुलाब झाले, ज्यांना मिळालं नाही त्यांच्यात १९ टक्के. म्हणजे साधारण नऊ मुलांना दिलं तर एकाचा त्रास वाचतो. हा आकडा मी नाकारत नाही.

काका : झालं तर मग!

पुतणी : आता त्याच आढाव्यातली मात्रा बघा. ज्या डोसाची शिफारस केली तो दिवसाला ५०० कोटी ते ४,००० कोटी जिवंत जीव असा आहे. तोही दोन ठरावीक जीवांचा : लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस किंवा सॅकरोमायसिस बोलार्डी नावाचं यीस्ट. तुमच्या पाकिटावर ६० दशलक्ष म्हणजे ६ कोटी. दिवसातून दोन गोळ्या घेतल्या तर १२ कोटी. अभ्यासातल्या कमीत कमी डोसापेक्षाही चाळीसपटीनं थोडे. आणि जीवही वेगळा. एका जीवाचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर लावता येत नाही.

काका : पण हे बीजाणू आहेत, हे विसरू नको. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. साधे जिवंत जंतू दुकानाच्या फळीवरच मरतील. बीजाणूला ऊन फारसं बाधत नाही, पोटातल्या आम्लातूनही तो पार होतो.

पुतणी : खरं आहे, बीजाणू टिकतो. पण टिकणं वेगळं आणि उपयोगी पडणं वेगळं. आणखी एक अडचण बघा. जंतू मारणारं औषध आणि जिवंत जंतू एकाच गोळीत, एकाच वेळी पोटात. जीव जिवाणू असेल तर त्यात आणि अँटिबायोटिकमध्ये दोन तासांचं अंतर ठेवावं, असा सल्ला आपण देतो. एका गोळीत ते अंतर कुठून आणणार? बोलार्डी हे यीस्ट आहे, म्हणून अँटिबायोटिकनं मरत नाही. पण रोगी बुरशीचं औषध घेत असेल तर तेही मरतं.

काका : म्हणजे तुझं भांडण प्रोबायोटिकशी नाही, ते कोंबण्याशी आहे.

पुतणी : अगदी तेच. हवं असेल तेव्हा, ज्याला हवं त्याला, वेगळं द्या. जीवाचं नाव आणि मात्रा बघून द्या.

काका : आता माझी बाजू ऐक. वेगळं द्यायचं म्हणजे दोन पाकिटं, दोन वेळा, दोन किमती. पोडावरून आलेला माणूस सांगितलेलं सगळं लक्षात ठेवून वेगवेगळ्या वेळेला वेगवेगळ्या पुड्या घेईल का? तो मजुरीला पहाटे निघतो. टीबीला तुम्हीच चार औषधं एका गोळीत घातली ना? तेव्हा तुम्हाला कोंबणं आठवलं नाही?

पुतणी : बरं झालं टीबीचं नाव काढलंत. तीही संयुक्त अँटिबायोटिकच आहे. आयसोनियाझिड ७५, रिफॅम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४००, इथॅम्ब्युटॉल २७५. दोन महिने चार औषधं, पुढं चार महिने तीन. आणि तिथं एकत्र करण्याला भक्कम कारण आहे. फुप्फुसात टीबीचे जंतू इतक्या प्रचंड संख्येनं असतात, की त्यातले थोडे कुठल्याही एका औषधाला आधीच दाद देत नसतात. एकटं औषध दिलं तर बाकीचे मरतात आणि तेवढे वाढतात. चारही एका गोळीत असली की रोग्याला त्यातलं एक वगळताच येत नाही. गोळ्या किती घ्यायच्या ते वजनावर ठरतं, आणि ते ठरवण्याआधी थुंकीची तपासणी झालेली असते.

काका : म्हणजे कारण, मात्रा आणि तपासणी.

पुतणी : तिन्ही आहेत म्हणून ती गोळी चालते. तुमच्या पाकिटावरची तिसरी ओळ यातल्या एकातही बसत नाही. आणि टीबीचा विषय निघाला म्हणून सांगते, दोन आठवड्यांच्या वर खोकला असलेल्या माणसाला दुकानातून लिव्होफ्लॉक्सासिन देऊ नका. त्यानं टीबीचा जंतू थोडा दबतो, खोकला कमी होतो, निदान लांबतं आणि तोवर घरातल्या लेकरांना लागण होते.

काका : ते मी देत नाही. शेड्यूल एच-१ मध्ये आहे ते, चिठ्ठीशिवाय विकताच येत नाही. १ मार्च २०१४ पासून त्याचं वेगळं रजिस्टर आहे : रोग्याचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध, किती दिलं. तीन वर्षं जपून ठेवायचं. सेफिक्झिमही त्यातच. पण तालुक्यात किती लोक चिठ्ठी घेऊन येतात? बाई दारात उभी राहते, कडेवर लेकरू, म्हणते, "भाऊ, लेकराले हगवण लागली, मजुरी सोडून आली." तिला कायदा सांगून परत पाठवू?

पुतणी : परत नका पाठवू. तिला ओआरएस आणि झिंक द्या. त्याला चिठ्ठी लागत नाही. लेकराच्या पातळ जुलाबात बहुतेक वेळा विषाणूच असतो, तिथं अँटिबायोटिकचं काम नाही. जीव जातो तो पाणी आणि क्षार निघून गेल्यानं. सहा महिन्यांच्या वरच्या बाळाला झिंक २० मिलिग्रॅम, खालच्याला १०, रोज, १४ दिवस, जुलाब थांबले तरी. आणि दूध पाजणं सुरू ठेवायचं. रक्त पडत असेल, डोळे खोल गेले असतील, बाळ पीतच नसेल, तर मात्र तडक दवाखान्यात.

काका : ती ओआरएसची पुडी बघून म्हणते, हे तर मीठ-साखर आहे, औषध द्या. पॉवरची द्या.

पुतणी : तिथं तुमचा शब्द माझ्यापेक्षा जड आहे, काका. माझी बदली होते. तुम्ही तिच्या सासूलाही ओळखता.

काका : हे मात्र खरं. पण एक सांगू? डॉक्टर लोकांनाही पॉवरचा सोस आहे. चिठ्ठीवर एकात दोन अँटिबायोटिक येतात. एक लागू पडली नाही तर दुसरी पडेल, असा हिशेब.

पुतणी : तो हिशेब आपल्या जिल्ह्यानं एकदा शेतात पाहिला आहे. २०१७ च्या खरिपात काय झालं, तुम्हाला आठवतं.

काका : कसं विसरेन? कपाशी डोक्याएवढी वाढलेली. एका पंपात दोन-तीन कीटकनाशकं, वरून टॉनिक. कुठली अळी आहे ते बघायला कोणी थांबलं नाही, जे मिळालं ते एकत्र केलं. यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात फवारणीच्या विषबाधेनं शेकडो माणसं भरती. वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले.

पुतणी : कीड न ओळखता मिसळलेला पंप आणि जंतू न ओळखता लिहिलेली दुहेरी गोळी, दोन्हींतला विचार एकच आहे. आणि प्रोबायोटिक त्या पंपातल्या टॉनिकसारखं आहे. टॉनिक घातलं की फवारणाऱ्याला वाटतं, पिकाची काळजी घेतली. त्यानं मिश्रण बरोबर होत नाही, फक्त धीर वाढतो. तिसरी ओळ वाचून डॉक्टरचा, दुकानदाराचा आणि रोग्याचा असा तिघांचाही धीर वाढतो. जी गोळी द्यायलाच नको होती ती निर्धास्त दिली जाते. माझी खरी भीती ही आहे.

काका : हं. पण सरकारनं परवानगी दिल्याशिवाय एवढी पाकिटं बाजारात आली कशी?

पुतणी : बऱ्याच पाकिटांना केंद्राची परवानगी नव्हतीच. २००७ ते २०१२ या काळात भारतात विकल्या जाणाऱ्या संयुक्त अँटिबायोटिक औषधांचा एक अभ्यास झाला. ११८ प्रकार मिळाले. त्यातल्या ७५ ना केंद्रीय औषध नियंत्रकाच्या मंजुरीची नोंद सापडली नाही. त्या ११८ पैकी ब्रिटन-अमेरिकेत मंजूर होते फक्त पाच. मग १० मार्च २०१६ ला सरकारनं ३४४ संयुक्त औषधांवर एकदम बंदी घातली. त्यात सेफिक्झिम आणि अझिथ्रोमायसिनची जोडीही होती.

काका : ती बंदी मला चांगली ठाऊक आहे. माल परत पाठवा, पाठवू नका, रोज नवा निरोप. डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं बंदी उठवली. पुढच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, तज्ज्ञ मंडळानं पुन्हा तपासा. सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ वर पुन्हा बंदी. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६. दुकानदारानं काय धरावं आणि काय सोडावं? यादीत नाही ते चांगलं, असंच आम्ही धरून चालतो.

पुतणी : यादीत नाही म्हणजे विकायला बंदी नाही, एवढंच. या रोग्याला ते योग्य आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ पासून अँटिबायोटिकचे गट पाडले आहेत : पहिल्यांदा वापरायच्या, जपून वापरायच्या आणि अगदी राखून ठेवायच्या. अमॉक्सिसिलिन आणि त्याची क्लॅव्ह्युलॅनेटबरोबरची जोडी पहिल्या गटात. सेफिक्झिम दुसऱ्या. आपल्याकडं घसा दुखला की सेफिक्झिम येते, तीही प्रोबायोटिक घालून.

काका : तू सगळं डॉक्टर आणि तपासणीवर नेऊन ठेवतेस. जिथं डॉक्टरच नाही तिथं काय? तिथं लोकांनी मरायचं?

पुतणी : त्याचं उत्तर विदर्भानंच जगाला दिलंय. गडचिरोलीत १९८८ मध्ये डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच माणसांना, सुईणींनाही, न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. औषध कुठलं? को-ट्रायमॉक्साझोल. तेही संयुक्तच आहे, सल्फामेथॉक्साझोल आणि ट्रायमिथोप्रिम. पण देण्याआधी बाळाचे श्वास मोजायचे. मिनिटाला किती श्वास म्हणजे जास्त, याचा आकडा बाळाच्या वयानुसार ठरलेला. त्याच्या वर गेले तर औषध, नाहीतर नाही. ज्या सुईणींना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचं श्वासमापक बनवलं. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू, जिथं हे काम नव्हतं त्या भागाच्या तुलनेत, ५४ टक्क्यांनी कमी. उपचार झालेल्या मुलांत शंभरात एकही पुरता दगावला नाही, ०.८ टक्के. त्या दुसऱ्या भागात १३.५ टक्के.

काका : डॉक्टर नव्हता, पण मोजणं होतं.

पुतणी : मोजणं होतं. आज न्यूमोनियाला को-ट्रायमॉक्साझोलऐवजी अमॉक्सिसिलिन देतात, औषध बदललं. पण आधी मोजा, मग द्या, हा नियम बदलला नाही. बंदूक हातात देण्याआधी नेम शिकवला, म्हणून ते औषध सुरक्षित ठरलं.

काका : ठीक. मग तुझ्यासारख्या डॉक्टरनं कारण बघून ६२५ लिहिली. पुढचं काम माझं. ते कसं करायचं, हे मी सांगतो. पहिलं, विचारायचं : पेनिसिलीननं कधी अंगावर पित्त उठलं, सूज आली, दम लागला का? हो म्हणाला तर गोळी द्यायची नाही, चिठ्ठी परत. दुसरं, मागं ही गोळी घेऊन कावीळ झाली होती का? तिसरं, जेवायला बसतानाच गोळी घ्या, पोट कमी बिघडतं. चौथं, पाकिटातून गोळ्या काढून डबीत भरू नका. क्लॅव्ह्युलॅनिकला ओल चालत नाही, श्रावणातल्या हवेत ती गोळी लवकर वाया जाते.

पुतणी : आणि लेकराचं सिरप?

काका : तिथं मोठा घोटाळा होतो. बाटलीत पावडर असते. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालून हलवायचं. मग ती फ्रीजमध्ये ठेवायची आणि सात दिवसांनी उरली तरी फेकायची. ज्या घरात फ्रीज नाही तिथं ती बाटली देऊन काय उपयोग? पुढच्या महिन्यात दुसऱ्या लेकराला तीच पाजतात.

पुतणी : म्हणून चिठ्ठी लिहितानाच विचारलं पाहिजे, घरी फ्रीज आहे का. नुसत्या अमॉक्सिसिलिननं भागत असेल तर पाण्यात विरघळणारी गोळी लिहावी. ती दरवेळी ताजी तयार होते.

काका : आणि ताक? आमच्याकडं म्हातारी माणसं सांगतात, गोळी गरम पडली की ताक प्या. प्रोबायोटिक विकत घेण्यापेक्षा तेच बरं नाही का?

पुतणी : अन्न म्हणून उत्तम. जुलाबात ताकानं अंगात पाणीही जातं. पण अभ्यासातल्या मात्रेचं औषध म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नका. आणि एक पथ्य पाळायचं : सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्यांबरोबर दूध, दही, ताक घेतलं तर त्यातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते अंगात कमी मुरतं. लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांचंही तसंच. दोन-तीन तासांचं अंतर हवं. मेट्रोनिडॅझोल, टिनिडॅझोलच्या कोर्समध्ये दारू वर्ज्य, मोहाचीसुद्धा. उलट्या होऊ शकतात, छातीत धडधडू शकतं.

काका : बरं, प्रोबायोटिक कोणाला द्यायचंच नाही, असं काही आहे का? लोक समजतात, लागू नाही पडलं तरी अपाय नाही.

पुतणी : आहे. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे, ज्यांची कॅन्सरची औषधं चालू आहेत, ज्यांच्या मोठ्या शिरेत नळी घातलेली आहे, जी बाळं दिवस भरण्याआधी जन्मली आहेत, त्यांना स्वतःहून कधीही नाही. तो जीव जिवंत आहे, क्वचित रक्तात उतरतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ऑक्टोबर २०२३ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दल असा इशारा दिला आहे.

काका : पण ओडिशात तर नवजात बाळांनाच दिलं होतं.

पुतणी : दिलं होतं, आणि निकाल मोठा होता. खेड्यांतली ४,५५६ बाळं. सात दिवस एक ठरावीक लॅक्टोबॅसिलस आणि त्याचं खाद्य. जंतुदोष आणि मृत्यू मिळून ९ टक्क्यांवरून ५.४ वर आले. २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. पण ती बाळं जन्मतः धडधाकट होती, जीव निवडलेला होता, मात्रा मोजलेली होती आणि हेतू रोग टाळण्याचा होता. दुसरीकडं २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेनं निरोगी माणसांवर प्रयोग केला. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर ज्यांनी प्रोबायोटिक घेतलं, त्यांच्या आतड्यातले मूळचे जंतू परत यायला उलट जास्त वेळ लागला. म्हणजे प्रोबायोटिक हे खरोखरच औषध आहे. त्याचा फायदा खरा मानायचा, तर त्याचा अपायही तपासला पाहिजे.

काका : आणि कोर्स चालू असताना जुलाब लागलेच तर? हा प्रश्न मला रोज येतो.

पुतणी : दिवसातून दोन-तीन पातळ जुलाब, ताप नाही, रक्त नाही : ओआरएस प्यायचं, जेवण चालू ठेवायचं आणि लिहून देणाऱ्याला विचारायचं. मनानं गोळी थांबवायची नाही, मनानं वाढवायचीही नाही. जुलाब फार, पोटात कळ, ताप किंवा रक्त : लगेच दवाखाना. कोर्स संपून काही आठवडे झाले असले तरी. चांगले जंतू मेल्यावर क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल नावाचा जंतू माजू शकतो, तो जिवावर बेततो. अशा वेळी जुलाब बंद करणारी गोळी दुकानातून देऊ नका.

काका : सगळं पटलं असं म्हणणार नाही. ज्या माणसानं मागच्या वेळी जुलाबामुळं कोर्स सोडला, त्याला माझ्या दृष्टीनं प्रोबायोटिक दिलंच पाहिजे.

पुतणी : त्यात माझं-तुमचं भांडण नाही. त्याला मी स्वतः लिहीन. वेगळं, नावानिशी, पुरेशा मात्रेत, दोन तासांच्या अंतरानं. कारण त्याच्या बाबतीत तिसऱ्या ओळीला उत्तर आहे.

काका : मग तुमच्याकडून एक हवं. चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढं कारण लिहा. 'कान फुटला', 'चावा', 'न्यूमोनिया'. किती दिवस ते लिहा. जुलाब लागले तर काय करायचं, तेही एका ओळीत. मग मला काउंटरवर तपासता येईल आणि गरज नसेल तिथं तुम्हाला फोन करता येईल. आज आम्हाला नुसतं नाव दिसतं. कारण दिसत नाही, म्हणून आम्ही विचारू शकत नाही.

पुतणी : लिहीन. कारण लिहायला बसलं की अर्ध्या वेळा कारणच सापडत नाही, मग औषधही लिहिलं जात नाही. तुम्हीही एक करा. पॉवरची गोळी मागणाऱ्याला विचारा, कशासाठी? चिठ्ठी नसेल तर अँटिबायोटिक नाही, ओआरएस आहे, ताप बघायचा आहे, दवाखान्याचा रस्ता आहे.

काका : विचारीन. पण त्याचा दिवस बुडतो, ते कोण भरून देणार?

पुतणी : दवाखाना संध्याकाळी उघडा हवा, आशाताईकडं ओआरएस आणि झिंक कायम हवं, श्वास मोजता आले पाहिजेत. हे मागणं तालुक्यानं सरकारकडं करायचं आहे, आणि त्या अर्जावर औषधविक्रेत्यांची सही पहिली असेल तर त्याला वजन येईल. दूर राहणाऱ्या माणसाची अडचण खरी आहे. तिच्यावरचा उपाय जवळ आणलेली तपासणी आहे. गोळीत घातलेल्या जादा ओळीनं ती अडचण मिटत नाही.

काका : अर्ज लिही. सही मी करतो, आणि बाजारातल्या बाकीच्या दुकानांत मीच फिरवतो.